व्यवहारातील इंग्रजी : शब्दाची जागा, मुदतीचा शब्द आणि स्वल्पविराम

गोव्यातील कचेऱ्यांचे कागद १९६१ पर्यंत पोर्तुगीज भाषेत चालत. मुक्तीनंतर पत्रव्यवहारापुरती ती जागा इंग्रजीने घेतली. १९८७ च्या गोवा, दमण व दीव राजभाषा अधिनियमाने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. तरीही बँक, विमा, करखाते, निविदा, निर्यात आणि परराज्यातील व्यापारी यांच्याशी होणारा लेखी व्यवहार आजही बहुतांशी इंग्रजीतूनच होतो. मराठी माध्यमातून शिकलेला दुकानदार, ठेकेदार, लघुउद्योजक किंवा गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस यांना त्यामुळे इंग्रजी पत्रे लिहिण्यावाचून गत्यंतर नसते.

व्यवहाराचे पत्र, मग ते कागदावर असो वा ई-मेलने पाठवलेले असो, दोनदा वाचले जाते. पहिल्यांदा ते ज्याच्या नावे असते तो वाचतो. दुसऱ्यांदा, तंटा उद्भवलाच तर, वकील, लेखापरीक्षक किंवा न्यायाधीश वाचतो. या दुसऱ्या वाचकाने लिहिणाऱ्याला कधी पाहिलेले नसते आणि 'मला तसे म्हणायचे नव्हते' हे ऐकून घेण्यास तो बांधील नसतो. म्हणून अशा पत्रात भाषेचा डौल दुय्यम ठरतो. कोणी, काय, किती आणि केव्हापर्यंत करायचे, या चार प्रश्नांना एकेकच उत्तर निघावे, एवढीच त्याच्या व्याकरणाकडून अपेक्षा असते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरवली. मनात मराठी वाक्य योजून त्याचे इंग्रजी करण्याची सवय आपल्याला आजही आहे आणि तीत गैर काही नाही. अडचण होते ती मराठी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून केवळ शब्द बदलले जातात तेव्हा. प्रस्तुत लेखात संपूर्ण इंग्रजी व्याकरणाचा आढावा नाही. मराठीची वळणे इंग्रजीत उतरली की जेथे अर्थ बदलतो आणि कधी कधी पैसेही बुडतात, अशी मोजकी स्थळे येथे घेतली आहेत.

विभक्तीचे काम जागा करते

'बँकेने ग्राहकाला नोटीस पाठवली' हे वाक्य आपण 'ग्राहकाला बँकेने नोटीस पाठवली' असे लिहू शकतो. 'नोटीस बँकेने ग्राहकाला पाठवली' असेही लिहू शकतो. भर बदलतो, अर्थ बदलत नाही. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय कर्त्याला आणि कर्माला चिकटूनच हिंडतात.

इंग्रजीत 'द बँक सेंट द कस्टमर अ नोटीस' या वाक्यातील 'बँक' आणि 'कस्टमर' यांची अदलाबदल केली, तर नोटीस ग्राहकाने बँकेला पाठवली असा उलटा अर्थ होतो. नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले त्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. पुढील शतकांत ते झिजत गेले. 'ही'चे 'हिम' आणि 'दे'चे 'देम' होते, त्यात त्यांचा अवशेष दिसतो. बाकी ठिकाणी प्रत्ययाचे काम शब्दाच्या जागेवर येऊन पडले. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम म्हणूनच इंग्रजीत अर्थाचा आधार ठरतो.

मराठीत क्रियापद शेवटी येते. 'आपल्या ५ जूनच्या पत्रात नमूद केलेल्या नादुरुस्त यंत्राच्या बदली नवीन यंत्र आम्ही पाठवत आहोत' हे वाक्य आपल्याला जड वाटत नाही, कारण क्रियापदाची वाट पाहण्याची आपल्याला सवय असते. इंग्रजी वाचकाला ती नसते. त्याला 'वुई आर सेंडिंग अ न्यू मशीन' हे आधी हवे असते. कोणत्या यंत्राच्या बदली आणि कोणत्या पत्रानुसार, हे नंतर आलेले चालते. कर्ता आणि क्रियापद वाक्याच्या पहिल्या पाच-सहा शब्दांत येतात का, एवढे तपासले तरी निम्मी पत्रे सुधारतात.

जागेचा हा नियम लहान शब्दांनाही लागू आहे. मराठीत 'च' ज्या शब्दाला लागतो त्याच्यावर भर देतो. 'आम्हीच मंगळवारी माल पोहोचवतो' आणि 'आम्ही मंगळवारीच माल पोहोचवतो' यांत गोंधळ होत नाही. इंग्रजीतील 'ओन्ली' ज्या शब्दाविषयी आहे, त्याच्या लगेच आधी ठेवणे सर्वांत सुरक्षित. 'ओन्ली वुई डिलिव्हर ऑन ट्यूजडे' म्हणजे मंगळवारी आमच्याशिवाय दुसरे कोणी माल पोहोचवत नाही. 'वुई डिलिव्हर ओन्ली ऑन ट्यूजडे' म्हणजे अन्य वारी आम्ही माल पोहोचवत नाही. 'च'च्या सवयीने वाक्याच्या टोकाला लावलेला 'ओन्ली' बोलण्यात खपून जातो, करारात मात्र घोटाळा करतो.

कर्ता गाळू नये

'पैसे मिळाले. माल उद्या पाठवतो.' या वाक्यांत 'मी' लिहिण्याची गरज नाही, कारण 'पाठवतो' या रूपातच तो आहे. इंग्रजी क्रियापद असे काही सांगत नाही. 'विल सेंड टुमॉरो' एवढेच लिहिले, तर पाठवणारा कोण, आपण की वाहतूकदार, हे वाचकाने ताडायचे राहते.

याहून धोकादायक वळण कचेरीच्या मराठीतून येते. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' या वाक्यात कार्यवाही आहे, करणारा नाही. त्याचे इंग्रजी 'नेसेसरी अ‍ॅक्शन विल बी टेकन' असे होते आणि जबाबदारी हवेत राहते. अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने १९९८ मध्ये कंपन्यांच्या कागदपत्रांसाठी सोप्या इंग्रजीची पुस्तिका काढली. शक्य तेथे कर्तरी प्रयोग वापरा, असा सल्ला तीत आहे. तिची प्रस्तावना वॉरेन बफे यांनी लिहिली असून, अहवाल लिहिताना आपण आपल्या बहिणींशी बोलत आहोत अशी कल्पना करतो, असे त्यांनी तेथे सांगितले आहे. हुशार, पण हिशेबशास्त्रात तज्ज्ञ नसलेला वाचक समोर ठेवणे, हा त्यामागील हेतू.

कर्मणी प्रयोग त्याज्य आहे असा याचा अर्थ नाही. 'द गुड्स वेअर डॅमेज्ड इन ट्रान्झिट' हे वाक्य, नुकसान कोणी केले हे ठाऊक नसताना, प्रामाणिक आणि योग्य आहे. परंतु 'द पेमेंट विल बी मेड' यात पैसे देणाऱ्याचे नाव जाणूनबुजून वा नकळत लपते. अशा वेळी 'वुई विल पे' किंवा 'द ओनर विल पे' असेच लिहावे. तसे पत्र आपल्याला आले तर 'कोणाकडून?' हा प्रश्न लेखी विचारावा.

आदरार्थी बहुवचन आणि न मोजता येणारी नामे

'साहेब आले आहेत', 'आमचे व्यवस्थापक सुट्टीवर आहेत' असे आपण एका व्यक्तीविषयी आदराने म्हणतो. या सवयीने 'अवर मॅनेजर आर ऑन लीव्ह' किंवा 'अवर चेअरमन हॅव अ‍ॅप्रूव्ह्ड' असे लिहिले जाते. इंग्रजीत आदर क्रियापदातून व्यक्त होत नाही. अध्यक्ष कितीही थोर असले तरी 'अवर चेअरमन हॅज अ‍ॅप्रूव्ह्ड' हेच बरोबर.

क्रियापद कोणत्या नामाशी जुळवायचे याबाबतही सावध राहावे. 'द लिस्ट ऑफ आयटम्स इज अटॅच्ड' यात कर्ता 'लिस्ट' आहे, 'आयटम्स' नाही. जवळच्या अनेकवचनी शब्दामुळे 'आर' लिहिण्याचा मोह होतो.

काही इंग्रजी नामे एकवचनीच राहतात. 'इन्फॉर्मेशन', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'अ‍ॅडव्हाइस', 'लगेज' यांना अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. दुकानांच्या पाट्यांवर 'फर्निचर्स' आणि निविदांत 'इक्विपमेंट्स' सर्रास आढळते. हा नियम लक्षात ठेवायला मराठीच मदत करते. 'माहिती'चे 'माहित्या' आणि 'सामान'चे 'सामाने' आपण करत नाही. संख्या सांगायची असेल तेव्हा 'फोर पीसेस ऑफ इक्विपमेंट' असे लिहावे किंवा त्या वस्तूंची नावेच द्यावीत.

'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ती आपल्याकडून गळतात किंवा नको तेथे पडतात. व्यवहारात त्यांचा अर्थ असा : 'अ' म्हणजे कोणताही एक, 'द' म्हणजे तुम्हाला आणि आम्हाला ठाऊक असलेला तोच. 'प्लीज सेंड अ चेक' ही नवी मागणी आहे. 'प्लीज सेंड द चेक' म्हणताना, विशिष्ट धनादेशाविषयी आपले आधीच ठरले आहे असे गृहीत धरले जाते. समोरच्याला असे काही मान्यच नसेल, तर पुढच्या पत्रात वाद येथूनच सुरू होतो.

'अ' की 'अ‍ॅन' हा निर्णय स्पेलिंगवरून करू नये, उच्चारावरून करावा. येथे देवनागरी कामास येते. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहावा. तो स्वराने सुरू झाला तर 'अ‍ॅन', व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. 'अवर' म्हणजे तास, म्हणून 'अ‍ॅन अवर', 'युनिट' य-पासून सुरू होते, म्हणून 'अ युनिट', 'ऑनेस्ट'ला 'अ‍ॅन', 'वन-टाइम पेमेंट'ला 'अ', 'एमओयू'ला 'अ‍ॅन', 'यूपीएस'ला 'अ'. एक अपवाद ध्यानात ठेवावा. वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' असा लिहितो, पण इंग्रजी उच्चारात आरंभी य-कार आहे. त्यामुळे तेथे 'अ' लागतो.

काळ : घडले केव्हा आणि स्थिती काय

'मी कालच पैसे भरले आहेत' हे शुद्ध मराठी आहे. त्याचे शब्दशः इंग्रजी 'आय हॅव पेड यस्टरडे' मात्र चुकते. घटना घडल्याची वेळ सांगितली की साधा भूतकाळ येतो : 'आय पेड यस्टरडे', 'वुई पेड ऑन ३ जून'. वेळ न सांगता आजची स्थिती सांगायची असेल, तर 'वुई हॅव पेड', म्हणजे रक्कम दिलेली आहे, आता येणे नाही. वसुलीच्या पत्रव्यवहारात दोन्ही लागतात. पहिले वाक्य तारखेचा पुरावा देते, दुसरे हिशेबाची स्थिती सांगते.

उलट, जी गोष्ट पूर्वी सुरू होऊन आजही चालू आहे तिला मराठीत वर्तमानकाळ पुरतो : 'हे दुकान मी २०१९ पासून भाड्याने चालवतो.' इंग्रजीत 'आय अ‍ॅम रेंटिंग धिस शॉप सिन्स २०१९' असे होत नाही. 'आय हॅव रेंटेड धिस शॉप सिन्स २०१९' असे लागते. येथेच 'पासून' या शब्दाचे दोन तुकडे होतात. आरंभाचा बिंदू सांगायचा तर 'सिन्स', कालावधी सांगायचा तर 'फॉर'. 'सिन्स २०१९', पण 'फॉर फाइव्ह इयर्स'.

नकारात 'डिड नॉट' आले की भूतकाळ त्यातच संपतो. 'वुई डिड नॉट रिसिव्ह्ड' असे न लिहिता 'वुई डिड नॉट रिसिव्ह' असे लिहावे. मालकी आणि ज्ञान दाखवणारी क्रियापदे चालू काळात घालू नयेत : 'वुई हॅव टू शॉप्स', 'वुई नो द सप्लायर'.

मुदतीचे शब्द

व्यवहारपत्रातील सर्वांत महाग चुका मुदतीच्या शब्दांत होतात, आणि त्याचे एक कारण 'पर्यंत' हा मराठी शब्द आहे. 'सोमवारपर्यंत अर्ज करा' यात अर्ज सोमवारी किंवा त्याआधी केव्हाही एकदा करायचा आहे. 'सोमवारपर्यंत दुकान बंद राहील' यात बंद राहणे सलग चालू आहे. मराठीत संदर्भाने फरक कळतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'बाय मंडे' आणि दुसऱ्यासाठी 'टिल मंडे' हे वेगवेगळे शब्द आहेत. 'प्लीज पे टिल मंडे' असे लिहिणारा, सोमवारपर्यंत पैसे देत राहा असे सांगत असतो.

'दहा दिवसांत' यासाठी 'विदिन टेन डेज' हाच शब्दप्रयोग निःसंदिग्ध आहे. 'इन टेन डेज' याचा अर्थ अनेक वाचक 'आजपासून दहा दिवसांनी' असा घेतात. तसेच दिवस कोठून मोजायचे हे लिहिल्याशिवाय मुदतीला अर्थ नसतो : पत्राच्या तारखेपासून, पत्र मिळाल्यापासून, की माल स्वीकारल्यापासून?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला द्यायच्या रकमेची ठरलेली मुदत, माल वा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. ज्या पुरवठादाराच्या पत्रात 'वुई सप्लाइड द मटेरिअल लास्ट मंथ' एवढेच आहे, त्याच्या हातात ४५ दिवस मोजायला आरंभच नाही. स्वीकाराची तारीख लिहिणारा या संरक्षणाचा आधार सहज घेऊ शकतो.

तारीख आणि आकडे लिहितानाही समोरचा वाचक कोण हे पाहावे. ५/६/२०२४ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेत ६ मे. महिना अक्षरी लिहिला की प्रश्न मिटतो. 'बायमंथली' या शब्दाचे महिन्यातून दोनदा आणि दोन महिन्यांतून एकदा असे दोन्ही अर्थ प्रचलित आहेत. तो टाळून 'एव्हरी टू मंथ्स' किंवा 'ट्वाइस अ मंथ' लिहावे. 'प्रीपोन' हा शब्द भारतात सर्वांना कळतो, परदेशी ग्राहकाला कळेलच असे नाही. परदेशी पत्रात लाख आणि कोटीऐवजी हजार आणि मिलियन वापरावे, आणि स्वल्पविरामाची जागाही तशीच बदलावी. आपले १,५०,००० त्यांच्याकडे १५०,००० असे लिहिले जाते.

विनंती, सल्ला आणि सक्ती

'रक्कम सात दिवसांत भरावी.' या वाक्यातील 'भरावी' ही विनंती आहे, सल्ला आहे की आज्ञा? मराठीत पत्राचा सूर आणि पाठवणाऱ्याचा अधिकार पाहून आपण ते ठरवतो. इंग्रजीत यासाठी स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांतून निवड करावीच लागते. 'प्लीज पे' ही विनंती. 'यू शुड पे' हा सल्ला. तो न पाळणारा करार मोडत नाही. 'यू मस्ट पे' ही सक्ती. 'यू मे पे' ही परवानगी. विध्यर्थी मराठीचे भाषांतर करताना 'शुड' हाताशी चटकन येतो आणि सक्तीच्या कलमाचा सल्ला होऊन बसतो.

करारांत सक्तीसाठी जुन्या वळणाचा 'शॅल' दिसतो. सामान्य पत्रात त्याची गरज नाही. समोरच्याच्या बंधनासाठी 'मस्ट' आणि आपल्या आश्वासनासाठी 'विल' पुरेसे आहेत. मात्र 'विल'ऐवजी सौजन्य म्हणून 'वुड' लिहू नये. 'वुई वुड डिलिव्हर बाय १० ऑगस्ट' हे वाक्य वाचणाऱ्याला 'पण कोणत्या अटीवर?' असा प्रश्न पडतो, कारण 'वुड'मध्ये जर-तर दडलेले असते. 'मे नॉट' देखील टाळावे. 'परवानगी नाही' आणि 'कदाचित होणार नाही' असे त्याचे दोन अर्थ निघतात. पहिल्यासाठी 'मस्ट नॉट' आणि दुसऱ्यासाठी 'माइट नॉट' वापरावे.

स्वल्पविरामाची किंमत

विरामचिन्हे ही शोभेची वस्तू समजली जातात. कॅनडातील एका वादाने ती समजूत दूर करावी. रॉजर्स ही केबल कंपनी आणि अ‍ॅलिअंट ही दूरध्वनी कंपनी यांच्यात खांबांच्या वापराविषयी करार होता. कराराची मुदत पाच वर्षे, त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षे, आणि एक वर्षाची लेखी सूचना देऊन तो संपवण्याची मुभा, अशी तीन अंगे एकाच वाक्यात होती. सूचनेच्या अटीआधी एक स्वल्पविराम होता. त्या चिन्हामुळे ही मुभा पहिल्या पाच वर्षांनाही लागू होते, असा निर्णय तेथील दूरसंचार नियामकाने २००६ मध्ये दिला. रॉजर्सला मात्र पहिली पाच वर्षे सुरक्षित वाटत होती. २००७ मध्ये नियामकाने त्याच कराराची फ्रेंच प्रत पाहून आधीचा निर्णय फिरवला, कारण फ्रेंच वाक्यात दुसरा अर्थ निघतच नव्हता.

अमेरिकेतील मेन राज्यात याउलट स्वल्पविराम नसल्याने वाद झाला. जादा कामाच्या वेतनातून कोणती कामे वगळली आहेत, याची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. वगळले आहे ते फक्त पाठवणीसाठी वा वितरणासाठी माल बांधण्याचे काम, वितरणाचे नव्हे, असे ओकहर्स्ट या दुग्धकंपनीच्या चालकांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने, वाक्य संदिग्ध असल्याने, चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलर्सवर तडजोड केली.

दररोजच्या पत्रात स्वल्पविरामाचा एक नियम विशेष उपयोगी आहे. 'द बॉक्सेस, विच वेअर वेट, वेअर रिटर्न्ड' या वाक्यात मधला भाग दोन स्वल्पविरामांत आहे. याचा अर्थ सर्व खोकी भिजली होती आणि सर्व परत केली. 'द बॉक्सेस दॅट वेअर वेट वेअर रिटर्न्ड' यात स्वल्पविराम नाहीत; म्हणजे जी भिजली होती तेवढीच परत केली. मराठीत दुसऱ्या अर्थासाठी आपण 'जी-ती'ची जोडी वापरतो. इंग्रजीत तो भार दोन चिन्हांवर आणि 'विच' की 'दॅट' या निवडीवर आहे. परत केलेली खोकी दहा की शंभर, हे त्यावर ठरते.

याशिवाय, दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविरामाने जोडू नयेत. पूर्णविराम द्यावा आणि नवे वाक्य सुरू करावे. अटींची यादी तीनपेक्षा मोठी झाली, की ती क्रमांक देऊन ओळीखाली ओळ मांडावी. कॅनडातील त्या कराराची तीन अंगे तीन वाक्यांत असती, तर वादाला जागाच उरली नसती.

वजनदार शब्दांची अडगळ

'डू द नीडफुल', 'काइंडली रिव्हर्ट', 'विथ रेफरन्स टू द अबाऊव्ह', 'प्लीज फाइंड एन्क्लोज्ड हिअरविथ' ही जुन्या कचेरीची वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या नकलून पुढे आली आहेत. ब्रिटनमध्ये सरकारी लेखनातील असे शब्द कमी करण्यासाठी सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ मध्ये 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले. आपण मात्र ते शब्द अजून जपले आहेत. 'नीडफुल' म्हणजे नेमके काय, हे वाचकाने ओळखायचे असते आणि तो आपल्या सोयीचे तेच ओळखतो. त्याऐवजी 'प्लीज साइन बोथ कॉपीज अँड रिटर्न वन' असे कृतीचे नाव घ्यावे. 'रिव्हर्ट' याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा असल्याने, भारताबाहेर पत्र जाणार असेल तर 'रिप्लाय' बरा. 'मेक पेमेंट'पेक्षा 'पे', 'कंडक्ट अ‍ॅन इन्स्पेक्शन'पेक्षा 'इन्स्पेक्ट' अधिक थेट आहे. 'डिस्कस'नंतर 'अबाऊट' आणि 'रिटर्न'नंतर 'बॅक' लागत नाही.

एक नमुना

समजा, फोंड्यातील एक लघुउद्योजक एका बांधकाम ठेकेदाराला थकबाकीविषयी लिहीत आहे. नेहमीचे पत्र असे असते : 'विथ रेफरन्स टू द अबाऊव्ह, धिस इज टू इन्फॉर्म दॅट द मटेरिअल हॅज बीन सप्लाइड लास्ट मंथ, द पेमेंट इज नॉट रिसिव्ह्ड, यू शुड डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट.'

या एका वाक्यात माल कोणी दिला हे नाही, किती दिला हे नाही, तारीख नाही, रक्कम नाही, मुदत नाही, आणि मागणीही सल्ल्याच्या रूपात आहे. तेच पत्र असे लिहिता येते :

'वुई डिलिव्हर्ड २०० बॉक्सेस ऑफ टाइल्स टू युअर फोंडा साइट ऑन ३ जून २०२४. युअर स्टोअरकीपर अ‍ॅक्सेप्टेड देम ऑन द सेम डे. वुई हॅव नॉट रिसिव्ह्ड पेमेंट फॉर इन्व्हॉइस नंबर ११८, विच इज फॉर १,४०,००० रुपीज. प्लीज पे धिस अमाउंट बाय १५ जुलै २०२४. इफ यू डिस्प्यूट द अमाउंट, प्लीज टेल अस इन रायटिंग बाय द सेम डेट.'

यात एकही अवघड शब्द नाही. प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. पहिल्या दोन वाक्यांत तारखेसह साधा भूतकाळ आहे, तिसऱ्यात आजची स्थिती आहे. 'बाय' मुळे अंतिम दिवस ठरतो, आणि तो ४५ दिवसांची मर्यादा संपण्याआधीचा, म्हणजे १८ जुलैच्या आधीचा आहे. 'प्लीज' असूनही मागणी दुबळी झालेली नाही, कारण तिला रक्कम आणि तारीख जोडलेली आहे.

पाठवण्यापूर्वी

पत्र लिहून झाल्यावर ते पुढील प्रश्नांवर घासून पाहावे.

१. प्रत्येक वाक्यात करणारा कोण, हे लिहिले आहे का?
२. कर्ता आणि क्रियापद जवळजवळ आणि वाक्याच्या आरंभी आहेत का?
३. घडलेल्या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे का आणि तिच्यासोबत साधा भूतकाळ आहे का?
४. 'पर्यंत' या अर्थी 'बाय' हवा की 'टिल', हे तपासले का? दिवस कोठून मोजायचे हे सांगितले आहे का?
५. बंधन सांगताना 'शुड' आणि आश्वासन देताना 'वुड' तर आलेला नाही ना?
६. स्वल्पविराम काढला किंवा हलवला तर अर्थ बदलतो का? बदलत असेल तर वाक्याचे दोन भाग करावेत.
७. समोरच्याने नेमकी कोणती कृती करायची, हे एका क्रियापदात सांगितले आहे का?

यानंतर ते पत्र या व्यवहाराशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्यावे आणि त्याला केवळ एवढेच विचारावे, की कोणी, काय, किती आणि केव्हापर्यंत करायचे आहे. त्याने मराठीत दिलेले उत्तर आपल्या मनातल्या उत्तराशी जुळले, तर पत्र पाठवण्यास हरकत नाही. जेथे तो अडखळला असेल, तेवढेच वाक्य पुन्हा लिहावे.